एक लांब, दोन आखूड

पीं… पीं पीं.

"एक लांब, दोन आखूड," दुरुस्तीला आलेला महबूब म्हणाला आणि त्यानं बटण दाबून कम्प्युटर बंद केला. "कार्डच दिसत न्हाय ताई याला."

'दिसत नाही' हे शब्द कानावर आले की अलीकडे सारजाबाई दचकायच्या.

"म्हंजे काय रे?"

"नवीन ग्राफिक कार्ड बसवलं न्हवं आपण? जुना बोर्ड म्हणतो, कुटाय कार्ड, मला दिसंना. म्हणून वराडतोय. मोठा स्क्रीन त्या कार्डावरच चालणार, मग तो काळाच राहणार की."

टेबलावर नवा मोठा स्क्रीन उभा होता. काळा. त्यात ट्यूबलाइटची एक पांढरी रेघ आणि तिच्याखाली सारजाबाईंचा चेहरा. चेहऱ्यापैकी त्यांना फक्त कान आणि केस दिसत होते. मधे करडा डाग.

साखर पेठेतल्या या प्रेसमध्ये त्या चोवीस वर्षं लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवत होत्या. मराठी, कानडी, तेलुगू, म्हणाल ती अक्षरं. आधीच्या मालकांच्या हाताखाली शिकल्या, आता त्या मालकांचा मुलगा युवराज प्रेस बघत होता. दोन महिन्यांपूर्वी वैरागच्या एका पत्रिकेत त्यांनी धडधाकट आजोबांच्या नावामागं 'श्री.' ऐवजी 'कै.' लावलं होतं. छापायच्या आधी युवराजनं पकडलं. "ताई, म्हातारा नातीच्या लग्नात नाचणार हाय, तुमी आत्ताच घालवला की त्याला!" सगळे हसले, त्याही हसल्या. त्याच संध्याकाळी एकट्याच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या. नजरेचा मधला भाग जातोय, म्हणाले. थोपवता येईल, गेलेलं परत येणार नाही.

हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. युवराजला एवढंच म्हणाल्या, "मोठा स्क्रीन घे बाबा, गिऱ्हाइकाला दाखवायला बरं पडतं." त्यानं घेतला. जुन्या कम्प्युटरला तो झेपेना, म्हणून हे कार्ड. सकाळी पत्रिका पोचवायला मोहोळला जाताना तो सांगून गेला होता, "चारपर्यंत येतो. न्हाय चाललं तर हे जुनं मशीन मोडीत, उद्यापासून माझ्याशेजारी लॅपटॉपवर बसा."

लॅपटॉपवर. तासाभरात त्याला सगळं कळलं असतं. मग घर. सकाळची पूजा आटपल्यावर पुढचा दिवस कुठं न्यायचा?

पावणेतीन वाजले होते.

महबूबनं सगळं करून पाहिलं. आधी स्क्रीनची वायर चुकून जुन्याच जागेत राहिली होती. "मीच येडा," म्हणून ती कार्डात लावली. पीं… पीं पीं. कार्डाला वेगळी वीज लागते, ती पिन काढून पुन्हा दाबली. पीं… पीं पीं. रॅमच्या पट्ट्या खोडरबरानं घासल्या. तेच. कार्ड काढून जुना छोटा स्क्रीन जोडला तर कम्प्युटर मुकाट सुरू झाला.

"कार्ड सकाळी दुकानात दुसऱ्या मशीनवर बघितलंय, चांगलं हाय. तुमचा कम्प्युटरबी चांगला. मग भांडण हितंच," त्यानं आतल्या लांबट काळ्या खाचेवर बोट ठेवलं. "या स्लॉटात. कार्ड एका टोकाला बसतच न्हाय नीट."

त्यानं मोबाइलचा उजेड पाडला आणि डोळे बारीक केले.

"जवळचा चष्मा दुकानात राहिला बघा. ताई, तुमी बघा जरा. प्रेसवाल्यांची नजर, मुंगीचा पाय पकडता तुमी."

सारजाबाई वाकल्या. खाचेकडे पाहिलं तसा तिथं डाग आला.

"काय हाय का आत?"

"न्हाय," त्या म्हणाल्या. "साफ हाय."

"बघितलं ना नीट?"

"बघितलं की."

त्यांच्या शब्दावर विसंबून त्यानं कार्ड पुन्हा दाबलं. पीं… पीं पीं. मग तो स्टुलावर बसला आणि हात पुसू लागला.

"बोर्ड गेला ताई. स्लॉट मेलाय. हे मशीन आता काढून टाका. मालकाला फोन लावू?"

आज सोमवार होता. सकाळी सिद्धेश्वराला बेल वाहून आल्यापासून त्यांच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. सोमवारच्या तोंडानं आपण खोटं बोललो आणि त्या खोट्यावर एक चांगलं मशीन भंगारात निघालं. महबूबनं खिशातून फोन काढला.

"थांब," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक निघाला की त्याला पुढं झुकावं लागलं. "साफ हाय का न्हाय, मला ठाव न्हाय. मला दिसलंच न्हाय रे."

"म्हंजे?"

"बघीन तितं दिसत न्हाय. बाजूचं दिसतं. दोन महिने झाले."

महबूबनं स्लॉटचा फोटो काढला, बोटांनी मोठा केला, हात लांब धरून पाहिला. मग चिमट्यानं खाचेच्या टोकातून काहीतरी उपसलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांना ते बोटानंच कळलं. तांदळाची कणी. भोवती कुंकवाचा थर.

"खंडेनवमीला पूजा करता व्हय याची? झाकण उघडून?"

"दरवर्षी करते. आत हळदकुंकू लावते, अक्षता टाकते."

"मग देवच बसलावता की आत! कार्डाला जागा कुटनं?" तो हसला, पण हळूच. कुंचल्यानं स्लॉट झाडून त्यानं कार्ड दाबलं. खट्ट झालं. बटण दाबलं. एकच छोटा पीं, आणि मोठा स्क्रीन उजळला.

उद्याची मंगळवेढ्याची पत्रिका त्यानं उघडली आणि अक्षरं टपोरी केली. "आता?"

सारजाबाईंनी पाहिलं. 'श्री' दिसलं, 'प्रसन्न' दिसलं. मधलं देवाचं नाव गेलं होतं. एवढ्या मोठ्या स्क्रीनवर डाग त्यांच्या आधीच येऊन बसला होता. मान वळवली तर नाव दिसायचं, पण मग दुसरं जायचं.

"दिसतंय का ताई?"

"अर्धं."

महबूबनं स्क्रू आवळले, पेटी बंद केली, तरी तो उभाच राहिला. "मालकाला काय सांगू?"

"कणीचं सांग. हसंल तो. बाकीचं मी सांगते."

"आजच? काय घाई हाय? मी न्हाय बोलणार कुणाला, अल्लाकसम."

"ठाव हाय मला. पण उद्याच्या पत्रिकेत चाळीस नावं हायत रे. त्यातलं जिवंत कोण, गेलेलं कोण, मला कसं कळावं?"

खाली युवराजची गाडी थांबली. स्टँड लावल्याचा आवाज आला. सारजाबाई उठल्या, शेजारच्या खुर्चीवरचा पत्रिकांचा गठ्ठा खाली ठेवला, पदरानं खुर्ची पुसली आणि ती आपल्या खुर्चीसमोर ओढून घेतली.