वडातलं बिऱ्हाड

वटपौर्णिमा चार दिवसांवर आली, तसं सुरेखाने माळ्याकडून मागचं अंगण लख्ख झाडून घेतलं. ओळखीच्या मराठी बायकांना चंदीगडात फेऱ्या मारण्याजोगा वड एकच, आणि तो तिच्या सरकारी क्वार्टरमागे, सुखना तलावाकडच्या जंगलाला लागून. नवऱ्याची, अविनाशची, इथे बदली झाल्यापासून तीन वर्षं सगळ्या तिथेच जमत. आणि सुशीलाकाकू आल्या की आधी अंगण बघत, मग देव.

एवढं झाडूनही वडाच्या खालच्या बेचक्यात पाचोळ्याचा एक गोळा अडकलेला राहिला होता, फुटबॉलएवढा. सुरेखाने झाडूचा दांडा उचलला मात्र, गोळ्यातून भर्रकन काहीतरी उडालं. हिरवी पाठ, खांद्यावर निळी चमक, डोळ्यांवरून काळी पट्टी, शेपटीखाली कुंकू सांडल्यासारखं लाल. ते गेलं जंगलात. गोळ्याला बाजूने दार होतं. आत चार चकचकीत पांढरी अंडी, जांभळट ठिपक्यांची.

तिने दांडा असा खाली ठेवला, जणू तो तिचा नव्हताच.

लेक ऋचा मोहालीच्या नॉलेज सिटीत जीवशास्त्र शिकायची. तिला झाडलेल्या अंगणातल्या घरट्याचा फोटो आणि पक्ष्याचं वर्णन गेलं, लगेच फोन आला.

"मम्मी, नवरंग है ये! पण आपने झाडू क्यों लगवाया?"

"पूजा आहे म्हणून."

"वो जमीन पे खाता है. पत्ते पलट-पलट के. कीडे, केंचुए, सब पत्तों के नीचे."

"म्हणजे मी त्याचं ताट उचललं?"

"ताट क्या, पूरा किचन. अब खाने के लिए दूर जाएगा. अंडे ठंडे पडे तो गए. और ज्यादा डिस्टर्ब किया तो घोसला ही छोड देगा."

संध्याकाळी पक्षी परत आला, तेव्हा कुठे सुरेखाने चहा टाकला. मग तिने खताची रिकामी पोती काढली आणि कॉलनीच्या टोकाला माळ्याने टाकलेला पाचोळा परत भरून आणला. सहा पोती.

"लोक कचरा बाहेर टाकतात," अविनाश म्हणाला.

"दुसरं टोक धरा. बोलायला दोन्ही हात लागत नाहीत."

दुसऱ्या दिवसापासून ती स्वयंपाकघराच्या जाळीला चिकटली. पक्षी चालत नसे, पायाला स्प्रिंग असल्यासारखा टणाटण उड्या मारे. एक पान चोचीने उलटायचं, थांबायचं, मान तिरकी करायची. मग दुसरं पान. हरवलेला चष्मा शोधावा तसं. आणि मग एकदम लांबलचक गांडूळ! सकाळ-संध्याकाळ दोन सुरांची शीळ ऐकू येई. शीळ झाली की कधी कधी एक पक्षी घरट्यातून निघे, दुसरा आत शिरे.

"यातला नवरा कुठला गं?" तिने ऋचाला विचारलं.

"दोनों सेम दिखते हैं. अंड्यांवर पण दोघं बसतात." अख्खं वाक्य मराठीत आलं, म्हणजे लेकही खुशीत होती. "थंडीत साऊथला जातो. श्रीलंकेपर्यंत. गर्मी में वापस."

"बदलीची नोकरी," सुरेखा म्हणाली.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तिने बायकांच्या ग्रुपवर लिहिलं की वडात अंडी आहेत, यंदा फेऱ्या नकोत. तासाभरात सुशीलाकाकूंचा फोन.

"पाखरासाठी व्रत मोडायचं?"

"दुसरा वड बघू या का, काकू?"

"दुसरा झिरकपूरच्या रस्त्यावर आहे, ट्रकांच्या मधोमध. तिथे फेऱ्या मारल्या तर नवरा जगेल, आपलं काय? आम्ही येतोय."

आणि आल्या. बावीस जणी, नथी, पैठण्या, आंबे, सुताच्या गुंड्या. फाटक वाजलं आणि घरट्यातला पक्षी उडाला. सुरेखा स्वयंपाकघराच्या मागच्या दाराच्या उंबऱ्यावर आडवी उभी राहिली.

"काकू, तो परत अंड्यांवर बसेपर्यंत अंगणात कुणी उतरायचं नाही."

"आणि नाही बसला तर?"

"तर चार जीव गेले, आणि ते माझ्यामुळे."

काकूंनी अंगणभर पसरलेला पाचोळा पाहिला. त्यांनी उजव्या हाताने डाव्या हातातल्या बांगड्या गच्च धरल्या. ते बघून बाकीच्यांनीही धरल्या. बावीस मराठी बायका स्वयंपाकघरात गप्प! अविनाश घाबरून डोकावून गेला.

पाच मिनिटं. दहा. कुंपणाशी एक पान उलटलं. मग दुसरं. टणाटण करत तो वडाखाली आला, मान तिरकी करून दाराकडे पाहिलं, आणि फांदीवर उडी मारून आत शिरला.

"हा नवरा की बायको?" काकू कुजबुजल्या.

"कळत नाही. दोघंही बसतात."

"मग उपास कोण करतं?"

"जे आत बसलंय ते."

मागून कुणीतरी पदरात हसलं. काकूंनी वळून दटावलं, सुताची गुंडी ओट्यावर ठेवली, वडाकडे बघून हात जोडले आणि जागच्या जागी स्वतःभोवती फिरू लागल्या. देवळात जागा नसली की फिरतात तसं. एकीचं बघून दुसरी. फ्रिजला कोपर न लावता, बांगड्या धरून, बावीस जणी सात वेळा फिरल्या. चौथ्या फेरीला उपाशीपोटी काकूंना गरगरलं, तर सुरेखाने दंडाला धरून उरलेल्या तीन पुऱ्या करवून घेतल्या.

"पुढच्या वर्षी," काकू धापा टाकत म्हणाल्या, "आधी त्यांना विचार, मग आम्हाला बोलव."

घरट्याच्या दारातून काळ्या पट्टीचा एक डोळा त्यांच्याकडे बघत होता. जागचा हलला नाही.