जिना नसलेली पायरी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पायरी आहे. माझ्या वर पायरी नाही, खालीही नाही. एका मोठ्या घराच्या जिन्यासाठी मला कापले, पण माप चुकले आणि मी चार बोटे आखूड निघाले. बहिणी जिन्यात गेल्या. मी सुताराच्या घरातच राहिले, कामाच्या बाकाखाली, सरसाचे डबे डोक्यावर घेऊन.

गंमत अशी की गावभर जिने करणाऱ्या या सुताराच्या स्वतःच्या घराला एकही जिना नव्हता. पुढच्या खोलीत त्याचे काम चाले आणि मागे संसार. संसार म्हणजे तो आणि त्याची बायको. ती टपाल वाटायची. चढावरची सगळी गल्ली तिच्याकडे होती. तिच्या पिशवीचा पट्टा दाराआडच्या खिळ्याला लटकलेला दिसला, की ती घरी आहे हे मला कळे.

एका वर्षी शेजारच्या भागाचा टपालवाला निवृत्त झाला आणि त्याच्याही गल्ल्या तिच्या वाट्याला आल्या. चाल एकदम दुप्पट झाली. काही आठवड्यांनी सकाळी उठल्यावर ती भिंत धरून पहिली पावले टाकू लागली. टाचेच्या मागे, जरा वर, जी जाड दोरीसारखी लागते ना, तिथे तिला दुखत होते. बोट लावले तर गाठ आल्यासारखे लागायचे.

सुतार घाबरला. त्याला एकच उपाय माहीत होता.

"सरस लावलेल्या सांध्याला वाळेपर्यंत हात लावायचा नाही," तो म्हणाला. "पाय खाली ठेवायचा नाहीस तू. पाणीसुद्धा मी आणून देईन."

"अहो, मी खुर्ची आहे का?"

"खुर्ची असतीस तर एव्हाना दुरुस्त करून दिली असती."

त्याने पाय पट्टीत गुंडाळला. भात करपवला, पण तिला उठू दिले नाही. दुखणे थांबले. ती आनंदाने पिशवी घेऊन निघाली आणि संध्याकाळी आधीपेक्षा जास्त लंगडत आली. पुन्हा पट्टी, पुन्हा अंथरूण. पुन्हा तेच. शेवटी टपाल कचेरीतल्या साहेबांनी निरोप धाडला, की सुट्टी संपेपर्यंत पाय बरा झाला नाही तर कायमचे तिकिटांच्या खिडकीवर बसावे लागेल.

"बरंच झालं की," सुतार म्हणाला. "बसून काम."

ती म्हणाली, "खिडकीतून मला माणसांचे नुसते हात दिसतील हो." आणि तोंड फिरवून झोपली.

मग ओळखीची एक फिजिओथेरपिस्ट बाई घरी आली. तिने पाय दाबून पाहिला, चालवून पाहिला. म्हणाली, "सुतारदादा, ही पोटरीला टाचेशी बांधणारी कंडरा आहे. तिच्यावर एकदम जास्त भार पडला, म्हणून ती कुरकुरली. तुम्ही तिला पूर्ण झोपवलंत, म्हणून ती आणखी दुबळी झाली. तिला काम द्या, पण बेताचं. घरात पायरी आहे का?"

सुतार ओशाळून हसला आणि त्याने बाकाखाली हात घातला. मित्रांनो, त्या दिवशी मी उजेड पाहिला!

त्याने मला दोन भक्कम ठोकळ्यांवर ठोकले, कड घासून गोल केली, वर खरखरीत रबर चिकटवले आणि शेजारी भिंतीला धरायला दांडी बसवली. बायको माझ्या कडेवर चवड्यांवर उभी राही. दोन्ही पायांच्या टाचा उचलून वर जायचे आणि दुखऱ्या पायाने सावकाश टाच खाली सोडायची. थोडे दुखले तर चालेल, असे बाईने सांगितले होते. मात्र दुसऱ्या सकाळी जास्त ठणकले तर आदल्या दिवशी अति झाले असे समजायचे.

सुतार मागे हात पसरून उभा राही.

"मी पडणार आहे की उडणार आहे? हात खाली घ्या!"

असे महिनाभर चालले. मग बाई म्हणाली, "आता खांद्यावर वजन घ्या. हळूहळू वाढवा." टपालाच्या पिशवीत खिळ्यांच्या पुड्या भरायचे ठरले. भरायचे काम सुताराचे. आणि इथेच त्याने घोळ केला. रोज तिच्यासमोर तो एक पुडी वाढवायचा आणि ती आत गेली की गुपचूप काढून घ्यायचा. मला कळत होते, कारण वजन माझ्याच पाठीवर होते. पण पायरीला तोंड कुठे?

बाईने पुन्हा पाय तपासला आणि कपाळाला आठी घातली. "ताकद वाढायला हवी होती."

टपालवालीने पिशवी बाकावर उपडी केली. पुड्या पाहिल्या, मग नवऱ्याकडे पाहिले.

"तुम्ही मला जपताय, की खिडकीवर बसवताय?"

सुतार खाली बघत राहिला. "तुला दुखताना बघवत नाही गं."

"मग डोळे मिटा. पण पिशवी भरा."

त्याने एकेक पुडी परत भरली. शेवटी आपला जड लोखंडी रंधाही आत ठेवला आणि पट्टा स्वतः तिच्या खांद्यावर चढवला. त्या दिवशी ती माझ्यावर उभी राहिली आणि माझे ठोकळे करकरले. मला फार बरे वाटले.

सुट्टी संपली तेव्हा ती निघाली. सुरुवातीला निम्म्याच गल्ल्या, असे बाईने साहेबांना पटवले होते. सुताराला तिच्या मागोमाग जायचे होते. तो गेला नाही. दिवसभर एकच फळी तासत बसला आणि तिचा पार कागद केला.

दुपार कलल्यावर दारात पावले वाजली. सारखी, न अडखळता.

"दुखतंय?" त्याने विचारले.

"थोडंसं. पण चालतंफिरतं दुखणं आहे. चहा टाका."

मित्रांनो, पुढे ती कित्येक वर्षे चढावर चालली आणि मला विसरली. मला त्याचे वाईट वाटले नाही. पायरीला विसरून माणूस पुढे गेला, तरच पायरीचे काम झाले.

आता ती नाही. सुतार म्हातारा झाला आहे. सकाळी तो माझ्यावर बसून चहा पितो आणि उठताना हाताने माझी कड पुसतो.

तुम्हाला एकच सांगते. आपल्या माणसाला दुखले, की त्याला उचलून घ्यावेसे वाटते. जरूर घ्या. पण त्याला पुन्हा खालीही ठेवा. त्याला अजून कितीतरी दारे गाठायची असतात.