राजवाड्याची मागची बाजू

राजा मेला की सेवकाने त्याचा अंगरखा घेऊन छपरावर चढायचे, उत्तरेकडे तोंड करून तीनदा "परत या" अशी हाक मारायची आणि मागल्या उताराने खाली यायचे, हा आमच्या देशातला जुना रिवाज. गेल्या आठवड्याच्या भागात आमच्या टीव्ही मालिकेने राजाची टोपी चुकीची दाखवली आणि प्रेक्षकांनी झोडपून काढले. म्हणून दिग्दर्शक बांग यांना या वेळी रिवाज तंतोतंत हवा होता. फक्त सेवकाऐवजी राजाची प्रेयसी चढणार होती. म्हणजे तिच्या वेषात ग्युरी, आमच्याकडे धोक्याची कामे करणारी मुलगी.

मी या सेटचा मुख्य सुतार. भार आणि आधार यांचे गणित तंत्रनिकेतनात शिकलो. या राजवाड्याला मागची बाजूच नाही, हे मी तीनदा लेखी कळवले होते. कॅमेऱ्याला दिसेल तेवढेच बांधा, असा हुकूम होता. मागे नुसत्या पातळ पट्ट्या आणि त्यांवर प्लास्टिकची कौले.

"मागची बाजू बांधायला दोन दिवस कुठून आणू, प्यो काका? शनिवारी भाग दाखवायचाय," बांग म्हणाले. "पोरगी चिमणीएवढी आहे."

"चिमणी बावन्न किलोची नसते, साहेब."

ग्युरी माझ्या कानाशी आली. "काका, गप्प बसा ना. मी नाही म्हटलं तर दुसरीला बोलावतील."

तिचा राग आला नाही. जिला नकाराची सोयच नाही, तिच्या होकाराला हे लोक संमती म्हणतात, याचा आला.

मी बावन्न किलो वाळूचे पोते कप्पीने वर घेतले आणि मागच्या उतारावर टेकवले. पट्ट्या कडाडल्या. पोते सात मीटर खाली येऊन फुटले.

बांग यांनी भोकाकडे पाहिले. "बरं झालं, आधीच कळलं. तिला भोकाच्या डावीकडून उतरवा."

मी छपराला लावलेल्या शिडीचा दोर सोडला आणि ती आडवी करू लागलो.

"काका, नोकरी जाईल," बांग म्हणाले.

"नोकरी तुमच्या हातात आहे, साहेब. शिडी माझ्या."

शिडी एकट्याला पेलेना. ग्युरीने येऊन दुसरे टोक उचलले.

"उद्यापासून आपण दोघंही घरी," ती म्हणाली. ती चिडली होती, आणि तिचे चिडणे रास्तच होते. पण गोदामापर्यंत तिने टोक सोडले नाही.