सतरावा ठिपका

नेरेआनं टोकणीसाठी मुठीत घेतलेलं बी परत डब्यात सोडलं आणि अपियोच्या फोनवर वाकली.

"हे तुमचं शेत, अवूरची आई. पिवळं दिसतंय ते सगळं भुकेलं. आणि हा सतरावा ठिपका बघा, निळा. इथं स्फुरद बाकीच्यापेक्षा पाचपट. इथं खताचा एक दाणा टाकू नका, तेच खत चढावर द्या. चार पोती जास्त निघतील."

अपियो कृषी केंद्रातली पोरगी. पावलं मोजत तिनं या शेतातली तीस ठिकाणची माती तपासायला नेली होती.

"यंत्र चुकलं असेल."

"मलाही तसंच वाटलं. पुन्हा तपासून घेतली. जुना गोठा होता का इथं?"

"नाही."

"मग एखादं मेलेलं ढोर पुरलं असेल. हाडांनी असं होतं."

नेरेआनं कमरेच्या कापडाच्या गाठीशी चाळा केला.

कॉलऱ्याच्या साली ती सियायाच्या इस्पितळात पडून होती, तेव्हा इकडे नवरा गेला आणि दुसऱ्या दिवशी दोन वर्षांचा मुलगा, ओपोंदो. दोघांना दिरानं पुरलं. ती परतली तर अंगणात एकच उंचवटा. "बापाच्या कुशीतच ठेवलाय, वहिनी," ओदेरा म्हणाला होता, पण तिच्याकडे न बघता. तिनं पुन्हा विचारलं नाही. आता विचारायला ओदेराही उरला नव्हता. बावीस वर्षं ती त्या उंचवट्यापाशी बसून दोघांशी बोलत आली होती. आणि शेताच्या मधोमध मका दरवर्षी हातभर उंच यायचा. पहिली कणसं तिथलीच खुडून ती नातवंडांना भाजून घालायची.

"इथं पूर्वी काय होतं ते भरावं लागतं," अपियो म्हणाली. "रिकामं ठेवलं तर फोन पुढं सरकत नाही. गोठा लिहू?"

"घर लिही."

"पण घर तर तिकडं वर..."

"लिही म्हटलं ना, पोरी."

अपियोनं लिहिलं. नेरेआ डबा घेऊन उठली, टोकणी करत मधोमध आली आणि थांबली. मग चार पावलं काहीच न टोकता कडेनं वळसा घालून पुढं गेली.

"अहो, तीच जागा सोडलीत!" अपियो ओरडली. "सगळ्यात कसदार माती आहे ती!"

"ठाऊक आहे," नेरेआ म्हणाली आणि पुढच्या खड्ड्यासाठी वाकली.