बाईंचं वाक्य

"गिळताना त्रास होतो का?" डॉक्टरांनी विचारलं बाईंना आणि उत्तर दिलं त्यांच्या नवऱ्याने.

"आता पुष्कळ कमी आहे. पातळ सगळं जातं. फक्त तोंडाला कोरड पडते आमच्या."

'आमच्या' म्हटल्यावर बाईंनी डोळे मिटून घेतले.

बाई गाडी चालवायला शिकवत. अठ्ठावीस वर्षं. त्यांच्या जिभेच्या धाकाने भलेभले रिकाम्या रस्त्यावरसुद्धा वळताना दिवा दाखवायचे. नवरा वीज कचेरीतून निवृत्त झालेला, मुलखाचा अबोल. संसारातलं दोघांच्या वाट्याचं बोलणं बाईच उरकून टाकत.

मग जिभेच्या कडेला दाताचं टोक घासून एक व्रण झाला. तो तीन महिने भरेना, तेव्हा तुकडा तपासायला गेला आणि कॅन्सर निघाला. अर्धी जीभ गेली. मनगटाजवळची कातडी काढून तिथे ठिगळ लावलं. पुढे तोंडावर जाळीचा मुखवटा आवळून तीस दिवस किरणं घेतली. हे सगळं बाईंनी सोसलं. सोसवेनात ती माणसं. जो येई तो आधी विचारी, तंबाखू खायचात का? शेजारी कुणी सिगारेट पेटवली तर गाडीतून उतरवणाऱ्या बाई, पण नणंदेने हे तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा ओरडून. जीभ गेली होती, कान शाबूत होते.

आणि वर हा नवरा. बाई वाक्य सुरू करत, तिसऱ्या शब्दाला तो ते संपवून टाकी. बहुतेक वेळा चुकीचं. पंखा बंद करा म्हणावं, तर हा पाणी घेऊन हजर. चार वेळा सांगण्यापेक्षा पाणी पिणं सोपं, म्हणून बाई मुकाट्याने पिऊन टाकत.

आठ महिन्यांनी डॉक्टरांनी कामावर जायला हरकत नाही म्हटलं. पहिलीच शिकाऊ आली बेकरीवाली, चाळिशीची, थोडी धांदरट. नवरा न विचारता मागच्या सीटवर जाऊन बसला. तिला कळलं नाही तर मी सांगेन म्हणाला. बाईंनी कपाळाला हात लावला.

पहिल्या चौकापर्यंत बरं चाललं. तिथे गाडी अंमळ दबकली, म्हणून बाई म्हणाल्या, ब्रेक नको. शब्द तोंडात लडबडले. मागून नवऱ्याने तत्परतेने भाषांतर केलं, "ब्रेक."

बेकरीवालीने सगळ्या अंगाचा भार ब्रेकवर टाकला. मागचा ट्रक हातभर अंतरावर कचकन थांबला आणि त्याच्या चालकाने तिघांचाही उद्धार केला.

गाडी कडेला घेतल्यावर बाई मागे वळल्या. "उतरा," त्या म्हणाल्या. तो शब्द मात्र स्वच्छ निघाला.

नवरा उतरला. दार लावायचं सोडून खिडकीशी वाकला. "लोकांना कळत नाही म्हणून तू वैतागशील," तो म्हणाला, "आणि एक दिवस बोलणंच सोडून देशील. मला घरातली ती शांतता नको वाटते गं."

बाईंनी हात मागे लांबवून दार ओढून घेतलं आणि बेकरीवालीला पुढे चलायची खूण केली.

तो तास दोघींनाही जड गेला. बेकरीवाली सारखी "काय म्हणालात?" विचारी. बाई पुन्हा सांगत. कधी दोनदा, कधी पाचदा. एकदा 'डावीकडे' ऐवजी तिने गाडी सरळ पेट्रोल पंपात घातली. बाई जुन्या सवयीने चिडल्या, आणि ते चिडणं मात्र तिला पहिल्या फटक्यात कळलं. दोघींना हसू आलं. हसताना बाईंच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली, ती त्यांनी रुमालाने टिपली.

परत येताना नवरा तिथेच कडेला उभा होता. उन्हाने लाल झालेला. बेकरीवालीने गाडी कडेपासून चांगली चार हात लांब, भर रस्त्यात थांबवली. तो निमूट मागे बसला.

"कशी चालवते?" त्याने विचारलं, आणि बाईंच्या आधी बोलायला उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

बाईंनी घोटभर पाणी घेतलं आणि सांगायला सुरुवात केली. एकेक शब्द, अडखळत. मागे गाड्या हॉर्न वाजवत होत्या. बेकरीवालीचा हात गिअरवर होता, पण तिने गाडी हलवली नाही. बाईंचं वाक्य संपेपर्यंत दोघंही थांबून राहिली.