वच्छलाबाईचे दोन पाहुणे

मित्रांनो, मी बाभळीच्या लाकडाची एक जुनी पेटी आहे. आज माझ्यात फाटकी गोणपाटे कोंबलेली आहेत आणि माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. पण एके काळी माझ्या आत दोन जीव राहत होते. माझ्यामुळे त्यांना जी इजा झाली, ती मला अजून विसरता येत नाही.

वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चाले, त्या काळी वडनेर भोलजीच्या रहेमतुल्ला सुताराने मला घडवले. चारी बाजूंना तारेची जाळी, पुढे एक दार. मांजरापासून दूध-दही राखावे, एवढेच माझे काम. तुळशीराम नावाच्या शेतकऱ्याच्या घरी, न्हाणीशेजारच्या गार कोपऱ्यात मला जागा मिळाली. त्याची बायको वच्छलाबाई मला रोज ओल्या फडक्याने पुसायची.

त्या ओलाव्याला भुलून दोन झाडबेडूक माझ्या आसऱ्याला आले. मातकट रंग, मऊ अंग, आणि बोटांच्या टोकांना इवल्या गोल गाद्या. त्या गाद्यांनी ते माझ्या पाठीला, कधी दाराच्या फटीत चिकटून दिवसभर झोपत. म्हणून दार उघडता-लावताना वच्छलाबाई आधी बांगडीने दोनदा ठकठक करी.

"सरका रे पाहुणे हो," ती म्हणे. पाहुणे सरकत, मगच दार हाले.

मग मानमोडीची साथ आली. तीन दिवसांच्या तापात वच्छलाबाई गेली. घरात तुळशीराम आणि नऊ वर्षांची विमल, असे दोघेच उरले. साथ ओसरल्यावर घर चुन्याने धवळायचे ठरले. ओला चुना बेडकाचे अंग पोळतो, हे आईने विमलला सांगून ठेवले होते. तिने दोघांना ओल्या ओंजळीत धरले आणि माझ्यात आणून ठेवले.

"आता मीच आहो तुमाले," ती पुटपुटली आणि घाईने दार ओढले.

ठकठक करायचे ती विसरली. एक बेडूक दाराच्या कडेला चिकटला होता. माझे दार त्याच्या पायावर बसले. मला हात असते तर मी ते दार धरून ठेवले असते, मित्रांनो! तो ओरडलासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी विमलने पाहिले, तोवर तो गार पडला होता. तिने त्याला परसात पुरले आणि कोणाला काही सांगितले नाही.

राहिला एक. चुना वाळला, तरी आईच्या या पाहुण्याला सोडून द्यायला विमलचे मन होईना. विमल त्याला गुपचूप पतंग आणि पाणी देई. विहिरीसारखे दिसावे म्हणून तिने आत टोकदार दगडही मांडले होते. पण दिवेलागण झाली की तो बाहेर पडायला झेप घेई आणि त्याचे नाक माझ्या तारेवर आपटे. ठक. जरा वेळाने पुन्हा ठक.

ओसरीवर बसलेल्या तुळशीरामने तो आवाज ऐकला आणि तो ताडकन उठला. माझ्यासमोर येऊन बसला, डोळे मिटले.

"वच्छले, तूच हायेस ना?"

तेव्हापासून रोज सांजेला तो माझ्यापुढे बसू लागला. आत कधी डोकावला नाही, नुसते ऐकायचा. शेतात जाणे सुटले, ताटातली भाकर तशीच वाळू लागली.

"हात लावू नोको पेटीले," तो विमलला दटावी. "तुही माय येते इथं."

खरे काय ते मला ठाऊक होते, पण मला तोंड नव्हते. माझ्या तारा ओल्या होत होत्या, आणि तो ओलावा पाण्याचा नव्हता.

एका सकाळी विमलला जाळीवर लाल डाग दिसले. बेडकाच्या नाकावरचे कातडे सोलून निघाले होते. तुळशीराम त्या दिवशी नांदुऱ्याच्या बाजाराला गेला होता. ती धावत सुताराकडे गेली.

"चाचा, तुमच्या पेटीनं त्याचं नाक फोडलं!"

रहेमतुल्ला आला. त्याने माझ्या आतून तळवा फिरवला आणि चटकन मागे घेतला. तळव्यात लाकडाची कूस शिरली होती.

"या अल्ला! मी हे दह्याच्या गाडग्यासाठी केलतं, बेटा. गाडग्याले कातडी कुठं असते?"

त्याने सगळी तार काढली आणि आपल्या बायकोची, नसीमाची, जुनी मलमल ताणून बसवली. खिळ्यांची टोके ठोकली, लाकडाला रंधा मारला, दाराच्या कडेला कापडाची जाड पट्टी लावली. दगड बाहेर काढले. जांभळीची पानांनी भरलेली फांदी आत उभी केली, आणि ती पडून बेडूक चेपू नये म्हणून सुतळीने घट्ट बांधली.

"विहिरीचं पाणी नोको देऊ," तो म्हणाला. "खारं हाय ते, जखमेले झोंबीन. नदीच्या वाळूतल्या झिऱ्याचं गोडं आन. अन् ताटली उथळ ठेव."

त्या सांजेला आवाज आला नाही. बाजारातून आलेला तुळशीराम वाट पाहून पाहून उठला. त्याला मलमल दिसली.

"हे कोनं लावलं? तिले बाहेर कोंडलं तुमी!"

तो कापड फाडायला धावला. विमल माझ्या दाराला पाठ लावून उभी राहिली.

"बाबा, ते माय नव्हती! त्याचं नाक फुटून राह्यलं होतं. अन् दुसऱ्याले तं मीच मारलं. मायवानी ठकठक केली नाही मी. दारात पाय चेपला त्याचा."

तुळशीरामचा हात हवेतच थांबला. मग त्याने पेटती चिमणी जवळ आणली आणि पहिल्यांदाच आत पाहिले. जांभळीच्या पानावर बेडूक बसला होता. नाक लालभडक, गळा धपापत होता.

"अन् मी ऐकत बसलो होतो," तुळशीराम म्हणाला.

वच्छलाबाई गेल्यापासून तो रडला नव्हता. त्या सांजेला लेकीला कुशीत घेऊन रडला.

बेडकाचे नाक हळूहळू भरून आले. पुढे तीन पावसाळे तो माझ्यात सुखाने राहिला. विमल लग्न होऊन साखरखेर्ड्याला गेली, मलमल विरली, आणि माझ्यात गोणपाटे आली. तार निघून किती वर्षे झाली! तरी दिवेलागणीला ती माझ्या अंगात पुन्हा ताणली जाते, आणि कोणीतरी झेप घेईल या भीतीने मी श्वास रोखून धरते.

मित्रांनो, एखादा मुका जीव पाळाल, तर त्याचे घर बाहेरून शोभते की नाही हे पाहत बसू नका. आधी आत वाका आणि आपला गाल चारी बाजूंना टेकवून पाहा. जिथे गालाला टोचेल, तिथे कानस फिरवा. मगच त्याला आत घ्या.