वळणावरचा हॉर्न

“सावकाश चढा, मावशी. गाडी आपलीच आहे.”

टेम्पो चालवत तो वळणावर आला आणि त्याच्या कानात म्हाताऱ्या कंडक्टरचा तो घोगरा आवाज उठला. कंडक्टर केव्हाच गेला. त्याच्यामागून बसही गेली. सरकारने फुकटच्या बस बंद केल्या आणि त्याऐवजी दर महिन्याला ज्याच्या त्याच्या खात्यात सारखीच रक्कम टाकायला सुरुवात केली. पैसे वाईट नव्हते. त्यातूनच त्याचं गळकं छप्पर नीट झालं होतं. पण डेपोत आता टायरचं गोदाम होतं, आणि बसचा ड्रायव्हर, म्हणजे तो स्वतः, दुसऱ्याच्या टेम्पोवर सिमेंट वाहत होता.

सवयीने हात हॉर्नवर गेला. दोनदा. या खुणेला त्याची थोरली बहीण पिशवी घेऊन दारात यायची, लांबच्या सरकारी इस्पितळात रक्त शुद्ध करून घ्यायला जायची. तिचा पाय पायरीवर टेकेपर्यंत सगळी बस थांबायची.

आज दार हललं नाही.

तो उतरून आत गेला, तर ताई भिंतीला टेकून बसली होती. बसल्या जागी धापा टाकत.

“चल ताई, आज माझ्या गाडीतून. राणीसारखी पुढे बस.”

“सिमेंटच्या गाडीत? राणीचं भूत व्हायचं!” ती हसली. “कालच जाऊन आले मी.”

खिळ्यावरच्या पिशवीला कोळ्याने जाळं विणलं होतं. त्याने तिच्या पायावर अंगठा दाबला. खळगा पडला, भरून येईना.

“कधीपासून, ताई?”

ओट्यापाशी सून पाठमोरीच थबकली. “भाड्याची गाडी परवडत नाही, मामा. यांचं काम सुटलंय. आईंचे पैसेही घरातच...”

“तिला बोल लावू नकोस,” ताई म्हणाली. “पैसे माझ्या नावावर येतात, पण उंबरा ओलांडला की घराचे होतात. पोरांच्या तोंडचं काढून गाडी करू? तुझी बस बरी होती बाबा. तिच्यातली माझी जागा विकून कुणाला पीठ आणता येत नव्हतं.”

“अगं, मग मला सांगायचंस!”

“काय सांगायचं? नातवंडं पाहिली, झालं माझं. आता गेले काय नि राहिले काय.”

हेच ती वर्षभर येईल त्याला ऐकवत होती. गाणं म्हणावं तसं, हसत हसत.

पिशवी झटकून त्याने खांद्याला अडकवली आणि वाकून तिला उचललं. अंग पाण्याने जड झालेलं, आतली ताई मात्र पिसासारखी. टेम्पोत बसवताना त्याच्या तोंडून आपसूक निघालं, “सावकाश. गाडी आपलीच आहे.”

तिने त्याची बाही मुठीत घट्ट धरली.

“मला मरायचं नाही रे,” ताई म्हणाली.